डीएनएविरुद्ध अँटिबॉडी: वाचकांचे प्रश्न

'एएनए पॉझिटिव्ह आलंय, ल्युपस झाला का?' सटाण्यापासून सिन्नरपर्यंत हाच प्रश्न येतोय, म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र देते. एएनए म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडींची रक्ततपासणी, आणि ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार.

हेल्थ पॅकेजमध्ये एएनए १:८० निघालं. त्रास काहीच नाही. (इंदिरानगर)

मग बहुधा आजारही नाही. शंभरातल्या दहा-पंधरा निरोगी माणसांत एवढं सापडतं. लक्षणं नसताना ही तपासणी पॅकेजात घुसवणं हा निव्वळ धंदा आहे. रिपोर्ट एकदा फॅमिली डॉक्टरांना दाखवा.

सुनेच्या रक्तात अँटी-डीएसडीएनए, म्हणजे डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी, निघाल्या. शरीर स्वतःच्याच डीएनएवर का उठतं? शेजारी म्हणतात, करोनाच्या लशीमुळे. ती द्राक्षबागेत राबते. (निफाड)

शेजाऱ्यांचं सोडा. ल्युपसच्या रुग्णांत या अँटिबॉडी १९५७ सालीच सापडल्या होत्या.

डीएनए एरवी पेशीच्या केंद्रकात बंद असतो. रोज अब्जावधी पेशी मरतात आणि भक्षक पेशी त्यांचे अवशेष लगेच उचलतात. ही साफसफाई रेंगाळली की हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला डीएनए उघड्यावर पडतो. बी-पेशी म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी. डीएनएला चिकटणाऱ्या काही बी-पेशी आपल्या सगळ्यांतच जन्मतात, पण शरीर त्यांना दाबून ठेवतं. तो धाक सुटला की अशी बी-पेशी तो तुकडा गिळते. तिच्या आतला टीएलआर-९ हा संवेदक त्याला जंतूचा डीएनए समजतो. पुढे जायला तिला टी-पेशी या दुसऱ्या संरक्षक पेशीची मदत लागते. टी-पेशीला डीएनए ओळखता येत नाही, प्रथिन येतं. बी-पेशी तिला हिस्टोनचा तुकडा दाखवते आणि मदत मिळवते. मग तिची संख्या वाढते, जनुकं बदलत जातात आणि अँटिबॉडी अधिकाधिक घट्ट चिकटू लागते.

उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, म्हणजे उचलायचा पसारा आणखी वाढतो. छाटणीला जाताना पूर्ण बाह्या, रुंद टोपी आणि सनस्क्रीन हवंच.

मला खरी धास्ती किडनीची आहे. या अँटिबॉडी तिच्या गाळणीत साचतात आणि तिथे काहीच दुखत नाही. मागे एक मुलगी आली, पैंजण घोट्यात रुतलेले. 'उभं राहून सूज येते' म्हणत घरच्यांनी चार महिने घालवले होते. लघवीत प्रोटीन तीन प्लस! सूनबाईंच्या लघवीला फेस येतो का, सकाळी पापण्या सुजतात का, विचारा. काही नसलं तरी लघवी, क्रिएटिनिन, रक्तातली सी३ आणि सी४ ही प्रथिनं याच आठवड्यात तपासून संधिवाततज्ज्ञांकडे न्या.

ल्युपसमध्ये इम्युनिटी वाढवणारी पावडर चालेल? (सिडको)

नाही. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती आपल्यांवरच उलटली आहे. डबा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि घटक दाखवा.

ल्युपसच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गोळीनं डोळे जातात असं ऐकून ती बंद केली. मी गरोदर आहे, तिसरा महिना चालू आहे. (पंचवटी)

ऐकीव गोष्टीवर गोळी बंद करायची नसते. वजनानुसार मात्रा ठेवली आणि नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा पडदा वेळच्या वेळी तपासला, तर धोका फार कमी. ही गोळी गरोदरपणातही चालू ठेवतात. बंद केली की आजार उसळू शकतो. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा, पुढच्या सोनोग्राफीची वाट पाहू नका.