जेम्स विल्सन कोण होता? भारतात आयकर त्यानेच आणला का?

हो, त्यानेच. मी कर सल्लागार आहे. जुलैत रिटर्न भरायची झुंबड उडाली की कोणीतरी अशील 'हे झेंगट आणलं कुणी?' असं विचारतोच, तेव्हा हे नाव माझ्या तोंडपाठ आहे.

विल्सन मूळचा स्कॉटलंडमधल्या हॉविकचा, धंद्याने टोप्या बनवणारा. १८३७ च्या सुमारास निळीच्या सट्ट्यात बुडाला, पण देणेकऱ्यांची पै न् पै फेडली. १८४३ मध्ये त्याने 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढलं, पुढे खासदार झाला आणि ब्रिटिश अर्थखात्यात सचिवपदापर्यंत पोचला. आजच्या स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचं एक मूळही त्याच्याच बँकेत सापडतं.

१८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरीत खडखडाट झाला होता. ती सावरायला १८५९ च्या अखेरीस विल्सनला व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा पहिला अर्थ सदस्य म्हणून कलकत्त्याला धाडलं. १८ फेब्रुवारी १८६० ला त्याने अर्थसंकल्प मांडला आणि २४ जुलैला आयकराचा कायदा झाला. म्हणूनच आजही २४ जुलै 'आयकर दिन' असतो. वर्षाला २०० रुपयांपर्यंत माफी, २०० ते ५०० वर २ टक्के, त्यापुढे ४ टक्के. कागदी नोटा सरकारनेच काढाव्यात ही योजनाही त्याचीच. कायदा मात्र त्याच्यामागे, १८६१ मध्ये झाला.

मला खरी गंमत वाटते ती चार्ल्स ट्रेव्हेल्यनची. हा मद्रासचा गव्हर्नर. नवे कर नकोत, लष्करावरचा खर्च छाटा, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यावर न थांबता त्याने आपला विरोध थेट वर्तमानपत्रांत छापून आणला. गव्हर्नरनेच सरकारचं वाभाडं काढलं म्हटल्यावर लंडनने त्याला परत बोलावलं.

विल्सनला मात्र हे यश भोगता आलं नाही. कलकत्त्याचा उन्हाळा-पावसाळा अंगावर काढत तो काम करत राहिला आणि ११ ऑगस्ट १८६० ला आमांशाने गेला. कायदा होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. भारतातली त्याची सगळी कारकीर्द जेमतेम नऊ महिन्यांची, वय ५५.

आणि तो ट्रेव्हेल्यन? १८६३ मध्ये परत आला, तोही अर्थ सदस्य होऊन, म्हणजे विल्सनच्याच खुर्चीवर. आयकर पाच वर्षांपुरताच लावलेला होता. १८६५ मध्ये मुदत संपली तेव्हा ट्रेव्हेल्यनने ती वाढवली नाही. आयकर कायमचा मानगुटीवर बसला तो १८८६ च्या कायद्याने.