खंडेनवमीचा नारळ आणि एमडीची खुर्ची

"खंडेनवमीला पहिला नारळ दर वर्षी माझ्या हातात देतात, मॅडम. यंदा नाही दिला."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आले त्या पहिल्या भेटीत, अर्धा ग्लास पाणी पिऊन झाल्यावर, ते एवढं बोलले. वय ५३. चाकण भागात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या, शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या एका कंपनीत ऑपरेशन्सचे प्रमुख. ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागले, त्याला २८ वर्षं झाली. एमडींची, म्हणजे व्यवस्थापकीय संचालकांची, मुदत पुढच्या जूनला संपत होती आणि त्यांच्यानंतर कोण, हे बोर्ड ठरवत होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे.)

रात्री तीनला जाग यायची. जाग आली की हात आधी फोनकडे. कंपनी सेक्रेटरीची मेल आली का, चेअरमननी मेसेज वाचला का. पित्ताच्या गोळ्या रोजच्या झाल्या होत्या. शॉपफ्लोअरवर कधी आवाज न चढवणारा हा माणूस त्या आठवड्यात एका सुपरवायझरवर सगळ्यांसमोर ओरडला होता, आणि ते त्यांचं त्यांनाच फार लागलं होतं. पत्नी सोबत आल्या होत्या. "आठ महिने झाले, ताटावर बसलं की हाच विषय," असं म्हणून त्या गप्प झाल्या.

पन्नाशीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडून मी हे वारंवार ऐकते. "इतकी वर्षं दिली, आता बाहेरचा माणूस आणणार. बोर्डाचं आधीच ठरलेलं असतं, मुलाखती नुसता देखावा. आणि नाही झालो, तर लोकांना तोंड कसं दाखवू?" राग आणि संशय लगेच दिसतात. लाज बहुतेक वेळा खाली दडलेली असते, आणि झोप तीच उडवते.

मी त्यांना कोरा कागद दिला. मधोमध रेघ मारा म्हटलं. डावीकडे जे नक्की माहीत आहे ते लिहा, उजवीकडे जे तुम्ही ताडलंय ते. उजवी बाजू बघता बघता भरली. नारळ. बोर्डाच्या जेवणात चेअरमनपासून दोन खुर्च्या लांब बसवलं. सर्च फर्मच्या (वरच्या पदांसाठी माणसं शोधून देणाऱ्या संस्थेच्या) बाईंनी मुलाखत ४० मिनिटांत आटोपली, सीएफओंची, म्हणजे वित्तप्रमुखांची, म्हणे तासभर चालली. डावीकडे दोनच ओळी होत्या: एमडी जूनमध्ये जाणार, आणि निवडीसाठी कमिटी आहे.

"नारळ मग फोडला कोणी?" पत्नींनी विचारलं.

"टूलरूमच्या मामांनी."

"ते या महिनाअखेर रिटायर होतायत ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

ते कागदाकडे बघत राहिले. मामांच्या निवृत्तीच्या कागदांवर सही त्यांचीच होती.

डावी बाजू भरायचं काम मग आम्ही दोघांनी मिळून केलं. समुपदेशनाच्या खोलीत कंपनी कायदा कशाला, असं माझे काही सहकारी विचारतात. माझं मत ठाम आहे: जिथे माहिती नसते, तिथे मन स्वतःच गोष्ट रचतं, आणि रात्री तीनला रचलेली गोष्ट कधी चांगली नसते.

कंपनी कायदा २०१३ प्रमाणे एमडीची नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षांची असते. म्हणजे खुर्चीचा प्रश्न ठरावीक काळाने येणारच. उमेदवार सुचवण्याचं काम नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटीचं, म्हणजे नेमणुका आणि मानधन बघणाऱ्या बोर्डाच्या समितीचं. सगळे तिला एनआरसी म्हणतात. तिच्यात किमान ३ बिगर-कार्यकारी संचालक (कंपनीचं रोजचं काम न बघणारे) लागतात आणि लिस्टेड कंपनीत त्यातले दोन-तृतीयांश तरी स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेले, संचालक असावे लागतात. लिस्टेड कंपनीच्या बोर्डाने सक्सेशनची, म्हणजे पुढचा वारस ठरवण्याची, तयारी आहे ना, याची खात्री करून घ्यावी, असं शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे नियम सांगतात. २०२३पासून तर सीईओ किंवा एमडीचं पद रिकामं झालं की ते साधारण ३ महिन्यांत भरावं लागतं. तीन महिन्यांत एवढ्या मोठ्या कंपनीला माणूस शोधणं किती अवघड, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. साधा मेंटेनन्स मॅनेजर मिळायला त्यांना पाच महिने लागले होते. म्हणून बोर्ड आधीपासून कामाला लागतं, सर्च फर्म नेमतं, बाहेरची चार नावं आतल्या नावांशेजारी ठेवून बघतं. यात आतल्या माणसाचा अपमान नसतो. उलट बाहेरच्यांशी तोलून मग आतला निवडला, तर त्याला पुढे कोणी 'वशिल्याचा' म्हणू शकत नाही.

"पण मला शब्द दिला होता," ते म्हणाले.

इथे खरी गाठ सापडली. दोन वर्षांपूर्वी एमडींची बायपास झाली, तेव्हा चेअरमन त्यांना म्हणाले होते, "काही कमीजास्त झालं तर तुम्ही सांभाळायचं." त्यांनी तो शब्द समजून मनात जपून ठेवला होता. मी हा घोटाळा इतक्या वेळा पाहिलाय की जरा थांबून लिहिते. बोर्डाकडे दोन निरनिराळ्या याद्या असतात. एक अडीअडचणीची: उद्या सकाळी साहेब आलेच नाहीत, तर बँकेच्या कागदांवर सही कोण करणार, ग्राहकाचा फोन कोण घेणार. दुसरी लांबची: पुढची पाच-सात वर्षं कंपनी कोण नेणार. पहिल्या यादीतलं नाव दुसऱ्या यादीत असेलच असं नाही. कधी असतंही. एप्रिल २००४मध्ये मॅकडोनल्ड्सचे प्रमुख जिम कँटालुपो हृदयविकाराने अचानक गेले, आणि बोर्डाने त्याच दिवशी चार्ली बेल यांना नेमलं; बेल आधीच कंपनीत दुसऱ्या क्रमांकावर होते. पुढच्याच महिन्यात बेलना कॅन्सरचं निदान झालं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी पद सोडलं आणि तिथे लगेच जिम स्किनर आले. एका वर्षात तीन प्रमुख, आणि खुर्ची एकदाही रिकामी राहिली नाही. चेअरमननी यांना सांगितलं होतं ते या प्रकारचं. तो त्यांच्यावरचा विश्वासच होता. फक्त तो एमडीपदाचा शब्द नव्हता, आणि हे स्पष्ट सांगायची जबाबदारी चेअरमनची होती. ती त्यांनी पाळली नाही, हेही मी बोलून दाखवलं. चूक सगळी आपलीच असं मानून माणूस घरी गेला, तर तो बरा होत नाही.

तिसऱ्या भेटीत मुलाखतीचा विषय निघाला. कमिटीच्या अध्यक्षबाईंनी दोन प्रश्न विचारले होते, आणि दोन्ही त्यांना टोचले होते. पहिला: "इंजिनाच्या भागांची मागणी पुढच्या सहा-सात वर्षांत अर्ध्यावर आली, तर आपण काय बनवायचं?" यांनी उत्तरादाखल स्क्रॅप किती घटवला, लाइन किती तास अखंड चालवली, याच्या बारा स्लाइड दाखवल्या. दुसरा: "तुम्ही वर आलात, तर तुमच्या जागी कोण?" यांनी नाव दिलं नाही. "त्यांना शॉपफ्लोअर कळत नाही, मॅडम. आणि माझ्या जागी कोण, हे विचारतात म्हणजे मला काढायचंच आहे ना?"

मी विचारलं, समजा तुम्ही त्या टेबलापलीकडे बसला असतात आणि समोर एक अनोळखी उमेदवार असता, तर हे दोन प्रश्न तुम्ही विचारले असते का? बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "पहिला तर विचारलाच असता."

बोर्डाचं काम बक्षीस वाटण्याचं नसतं. आधी कमिटी कागदावर मांडते की पुढच्या काळात कंपनीपुढे काय वाढून ठेवलंय, आणि त्यावरून माणूस कसा हवा ते ठरतं. २८ वर्षांच्या सेवेचा मान राखायलाच हवा, पण त्या कागदावर ती एक ओळ असते. आणि ज्याच्या हाताखाली कोणी तयार झालेला नाही, त्याला वर घेतलं की खालची जागा उघडी पडते. चांगले चांगले लोक इथेच अडकतात. आपल्यावाचून अडतं, याचा अभिमान बाळगता बाळगता आपण आपलीच वाट अडवून बसतो.

मग त्यांनी विचारलं, "खरं सांगा, आतला बरा की बाहेरचा?" याला ठोक उत्तर नाही. एचडीएफसी बँकेत आदित्य पुरी १९९४पासून प्रमुख होते. २०२०मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा आले शशिधर जगदीशन, १९९६पासून बँकेतलेच. इन्फोसिसने २०१४मध्ये विशाल सिक्का यांना बाहेरून आणलं, ते २०१७मध्ये सोडून गेले, नंदन निलेकणींना परत यावं लागलं. तरी डिसेंबर २०१७मध्ये बोर्डाने पुन्हा बाहेरचेच सलील पारेख निवडले, आणि ते टिकले.

त्यांच्या मनात सगळ्यात खोल उतरली ती अमेरिकेतल्या जीईची, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकची, गोष्ट. जॅक वेल्च १९८१पासून प्रमुख होते. वारसाची तयारी काही वर्षं चालली, शेवटी कंपनीतलेच तिघे उरले: जेफ इमेल्ट, जिम मॅकनर्नी, बॉब नार्डेली. नोव्हेंबर २०००मध्ये इमेल्ट निवडले गेले. उरलेल्या दोघांना सांगायला वेल्च स्वतः विमानाने त्यांच्या गावी गेले. थोड्याच दिवसांत मॅकनर्नी थ्रीएमचे प्रमुख झाले, नार्डेली होम डेपोचे. पुढे मॅकनर्नी २००५मध्ये बोइंगला गेले. नार्डेलींना २००७मध्ये होम डेपो सोडावं लागलं. आणि इमेल्ट २०१७मध्ये पायउतार झाल्यावर वर्षभरातच जीई डाऊ जोन्स या अमेरिकी शेअर निर्देशांकातून बाहेर पडली. इतकी वर्षं पारखूनही पुढचं कोणाला दिसलं नव्हतं. बोर्ड अंदाज बांधतं, जमेल तितका नीट. त्या अंदाजाला आपण आपल्या आयुष्याचा निकाल मानतो.

"गावाकडे हे कसं सांगू?" ते म्हणाले. वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते. मे महिन्यात मावसभावाच्या मुलीच्या लग्नात, कुठूनशी कुणकुण लागल्यामुळे, मांडवात यांना फेटा बांधून "आता आमचे एमडी" म्हणून सत्कार झाला होता. फेटा अजून कपाटात होता. त्या दिवशी ते पहिल्यांदा रडले. पत्नींनी काहीच न बोलता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतरच्या भेटींत आम्ही मुलाखतीची तयारी केली नाही. एमडीचा दिवस कसा जातो, ते त्यांनी आठवून लिहिलं: ॲनालिस्टांचे कॉल, बँकर, बोर्डाचे कागद, दिल्लीच्या चकरा. यातलं काय करायला आवडेल, म्हटल्यावर पेन बराच वेळ हवेतच राहिलं.

मार्चमध्ये बोर्डाने बाहेरच्या बाईंना निवडलं, इलेक्ट्रिक गाड्यांच्या क्षेत्रातल्या. पण एक गोष्ट नीट झाली. कमिटीच्या अध्यक्षबाई त्याच दिवशी चाकणला येऊन त्यांना भेटल्या. का नाही, ते दोन मुद्द्यांत सांगितलं; कंपनीला ते का हवे आहेत, तेही. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांना आपली निवड झाली नाही हे व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होऊन आलेल्या स्टॉक एक्स्चेंजच्या नोटिशीतून कळलं होतं. बैठक संपली की बाजाराला ताबडतोब कळवावं लागतं, हे खरं आहे. पण २५-३० वर्षं घाम गाळलेल्या माणसाला समोर बसून सांगायला अर्धा तास काढता येत नसेल, तर त्या बोर्डाची सक्सेशनची तयारी अपुरी आहे, असं मी म्हणते. त्या गृहस्थांना सावरायला वर्ष लागलं. हे मात्र म्हणाले, "वाईट वाटलं, मॅडम. पण अपमान नाही वाटला." गावाकडे त्यांनी फोन स्वतःच केला.

शेवटच्या भेटीत ते पुन्हा एक कागद घेऊन आले, या वेळी घरूनच लिहून. वर शीर्षक होतं, 'माझ्या जागी'. खाली दोन नावं. एक जुन्या प्लँट मॅनेजरचं. दुसरं एका ३६ वर्षांच्या पोराचं, आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. तोच, ज्याच्यावर ते ओरडले होते.

"याला सांगू का, की त्याचं नाव कागदावर आहे?"

सांगितलं तर तो शब्द म्हणून धरून बसेल. नाही सांगितलं तर आणखी दोन वर्षांत सोडून जाईल. तासभर आम्ही त्यावरच बोललो: काय म्हणायचं, कुठे थांबायचं, कशाची खात्री द्यायची आणि कशाची नाही. निघताना कागदाची घडी खिशात घालत ते म्हणाले, "आधी त्याची माफी मागतो. बाकीचं मग बघू."