वाचकांचे प्रश्न : नवी मिनी की वापरलेली ए३?

प्रश्न : घरात आम्ही तिघे. रोजचा प्रवास शहरातलाच, महिन्यातून एक-दोनदा लांबचा. नवी तीन दारांची मिनी कूपर घ्यावी, की जवळपास तेवढ्याच रकमेत येणारी, तीन-चार वर्षे वापरलेली ऑडी ए३, बीएमडब्ल्यू वन सीरिज किंवा मर्सिडीज ए-क्लास?

उत्तर : घरात ही एकच गाडी असणार असेल, तर तीन दारांची मिनी मी सुचवणार नाही. चालवणाऱ्याला तिच्याइतका आनंद देणाऱ्या छोट्या गाड्या फार थोड्या आहेत हे खरे. परंतु मागे बसायचे म्हणजे दर वेळी पुढची सीट सरकवून आत शिरावे लागते, आणि तिची डिकी जेमतेम २१० लिटरची आहे. बाकीच्या तिघींच्या हॅचबॅक रूपात ती साधारण ३७० ते ३८० लिटरची असते. लांबच्या प्रवासात हा फरक प्रत्येक वेळी जाणवेल.

वन सीरिजबाबत एक समजूत अजून टिकून आहे, ती म्हणजे ही गाडी मागच्या चाकांवर चालते. २००४ पासूनच्या पहिल्या दोन पिढ्यांपुरते ते बरोबर होते. २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीपासून इंजिनाची ताकद मूलतः पुढच्या चाकांना मिळते, त्यामुळे केवळ त्या गुणासाठी तीन-चार वर्षे वापरलेली वन सीरिज घेणे व्यर्थ आहे. ए३ ही फोक्सवॅगन गोल्फच्याच पायावर बांधलेली आहे, याला काही जण उणेपणा मानतात. मला मात्र वापरलेल्या गाडीत तो मोठा गुण वाटतो, कारण जी यंत्रणा अनेक गाड्यांत वापरली जाते तिची माहिती असलेला मेकॅनिक आणि तिचे सुटे भाग मिळणे सोपे जाते. ए-क्लासचे आतले रूप तिघींत सर्वांत देखणे आहे. तेवढ्यावर मात्र निर्णय घेऊ नका.

वापरलेली प्रीमियम गाडी घेताना सर्वाधिक फसगत एका गोष्टीत होते : गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि सर्व्हिसची उतरत नाही. म्हणून मॉडेल ठरवण्याआधी सर्व्हिसच्या नोंदी मागा. या गाड्यांत दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुष्कळदा असतो आणि त्याची दुरुस्ती खर्चिक असते. चाचणीसाठी जाल तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवू नये असे विक्रेत्याला सांगा. मग गाडी रहदारीत अगदी सावकाश पुढे न्या, चढावर थांबवून पुन्हा हलवा आणि रिव्हर्समध्ये घ्या. यात कुठेही धक्का किंवा थरथर जाणवली, तर किंमत कितीही कमी केली तरी ती गाडी सोडून द्या. फोक्सवॅगन समूहाच्या (ऑडी याच समूहातली) तेलात बुडालेल्या क्लचच्या सहा गिअरच्या गिअरबॉक्सचे तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असते. त्याची नोंद कागदावर दिसलीच पाहिजे. टायरवर कोरलेल्या चार अंकांवरून तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षी तयार झाला ते कळते, तेही वाचून घ्या. काही बीएमडब्ल्यूंमध्ये रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतात, ते बदलणे महाग पडते आणि स्टेपनी मिळत नाही.

तुमच्या वापरासाठी माझी निवड पेट्रोलवरची ए३ ही आहे, मात्र नोंदी पूर्ण असतील आणि उत्पादक कंपनीच्या प्रमाणित विक्री योजनेतून वॉरंटीसह मिळत असेल तरच. अन्यथा नोंदी चांगल्या असलेली वन सीरिज घ्या.

प्रश्न : हीच गाडी डिझेलवर घेतली तर इंधनाचा खर्च वाचेल ना?

उत्तर : वाचेल, पण रोजची धाव लांब असेल तेव्हाच. डिझेल गाडीच्या धुराड्यातल्या गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी एंजिन काही वेळ सलग आणि बऱ्यापैकी वेगात चालावे लागते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ते साधत नाही, गाळणी तुंबत जाते, आणि ती बदलण्याची वेळ आली की वाचवलेले पैसे त्यातच जातात.