स्कुबा डायव्हिंगमध्ये एखादा ग्राहक ऐकतच नसेल, तर गाइडची जबाबदारी कुठपर्यंत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अंदमानात हॅवलॉकला तुमच्या पाच जणांच्या गटात एक अनुभवी गृहस्थ होते, ते सारखे ठरलेल्या खोलीच्या खाली जात राहिले, शेवटी गाइडनं बाविसाव्या मिनिटाला सगळ्यांनाच वर आणलं आणि पैसे कोणालाच परत मिळाले नाहीत. मग चूक कोणाची?

मी मालवणचा. तारकर्लीला शिकलो, नंतर चार हंगाम हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, डाइव्हमास्टर, म्हणजे गट पाण्यात नेणारा गाइड म्हणून काम केलं. आता परत गावी आलोय. माझ्या मते पाण्यात उतरल्यानंतर तुमच्या गाइडनं जे केलं ते बरोबरच केलं. ऐकणाऱ्या चौघांना सुखरूप वर आणणं हे त्याचं पहिलं काम होतं. मी एकदा नेमकं उलटं केलं होतं, म्हणून इतक्या खात्रीनं सांगतो.

हॅवलॉकजवळ डिक्सन्स पिनॅकल नावाची जागा आहे. वरून नुसतं निळं पाणी दिसतं, खाली खडकाचे सुळके. प्रवाह असतो, आणि बघण्यासारखं बरंच काही खोलवर असतं. माझ्याबरोबर चौघे होते. एक जोडपं, मोठा कॅमेरा घेतलेले दोनशेहून जास्त डाइव्ह केलेले एक गृहस्थ, आणि एक मुलगी. तिच्याकडे ॲडव्हान्स्ड या पुढच्या कोर्सचं कार्ड होतं, पण ते कार्ड ओपन वॉटर या पहिल्या कोर्सचे चार आणि ॲडव्हान्स्डचे पाच अशा नऊ डाइव्हवर मिळू शकतं, आणि तिचे तेवढेच झाले होते. बोटीवर मी सांगितलं होतं, २८ मीटरच्या खाली कोणी जायचं नाही, सिलिंडरमधल्या हवेचा दाब १०० बारवर, म्हणजे निम्म्यावर आला की मला दाखवायचं.

काही वेळानं कॅमेरावाले खाली सरकले. मी सिलिंडरवर ठोकलं, हातानं वर या म्हणून खुणावलं. त्यांनी ओके केलं आणि आणखी खाली गेले. मी त्यांच्या मागे गेलो. ३४ मीटरवर त्यांच्या पायातला पंख धरून त्यांना वर आणलं. त्यात बराच वेळ गेला. परत आलो तेव्हा त्या मुलीनं हवेचा दाब दाखवणारं गेज पुढे केलं. ४० बार.

इथे थोडा हिशोब सांगतो, म्हणजे मला घाम का फुटला ते कळेल. नेहमीच्या सिलिंडरमध्ये साधारण २२०० लिटर हवा असते. घाबरट किंवा नवखा माणूस पाण्याबाहेर मिनिटाला २० लिटर ओढत असेल, तर ३० मीटरवर दाब चौपट असल्यामुळे तोच ८० लिटर ओढतो. म्हणजे भरलेलं सिलिंडर अर्ध्या तासाच्या आत रिकामं. ४० बार म्हणजे जेमतेम साडेचारशे लिटर. त्यात सावकाश वर यायचं, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. मी माझा ऑक्टोपस, म्हणजे जादाचा रेग्युलेटर तिच्या तोंडात दिला, चौघांना दोरापाशी गोळा केलं आणि आम्ही वर आलो. कोणाला काही झालं नाही.

बोटीवर मी तिला विचारलं, १०० झाल्यावर दाखवलं का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्या मागे होतात ना, मग म्हटलं येईपर्यंत थांबावं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. त्रास देणारा माणूस गाइडचं सगळं लक्ष खेचून घेतो आणि त्याची किंमत गटातला सर्वांत गप्प माणूस मोजतो. त्या गृहस्थांना पाण्यात वावरायची सवय होती, ते बहुधा आपले आपण वर आले असते. तिला ते जमलं नसतं. आणि मी तिलाच सोडून गेलो होतो.

त्यानंतर मी ठरवलं, ठरलेल्या खोलीच्या खाली कोणाच्याही मागे जायचं नाही. आवाज करायचा, दिवा दाखवायचा, दोनदा खूण करायची. तरीही नाही आला, तर डाइव्ह संपला, बाकीच्यांना घेऊन वर. तुमच्या गाइडनं हेच केलं. माणूस शुद्ध हरपल्यासारखा खाली चालला असेल तर गोष्ट वेगळी. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची झिंग चढते, माणूस हसत हसत चुकीच्या दिशेला जातो, आणि अशा वेळी गेलो नाही तर त्याचा जीव जाऊ शकतो. तिथे कुठलाही नियम पुरत नाही. म्हणून तर अशा जागी पाच जणांमागे दोन गाइड हवेत असं मी डायव्हिंगच्या प्रत्येक दुकानात भांडून सांगत आलोय.

आता तुमच्या गटातल्या त्या गृहस्थांची बाजू. प्रमाणपत्र असलेला डायव्हर हा शिकाऊ नसतो. स्वतःची हवा, स्वतःची खोली आणि आपला बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार सांभाळणं हे त्याचंच काम, कार्ड त्यासाठीच देतात. त्यामुळे खाली जे घडलं त्याचा दोष त्यांच्याकडे जातो. पण वर, बोटीवर आणि त्याच्या आदल्या दिवशी, बरंच काही दुकानाच्या हातात होतं. शेवटचा डाइव्ह कधी केला हे विचारलं होतं का? लॉगबुक, म्हणजे आधीच्या डाइव्हची नोंदवही पाहिली होती का? पहिला डाइव्ह उथळ, सोप्या जागी करून माणूस पाण्यात कसा वागतो ते पाहिलं होतं का? मी कार्डापेक्षा त्या पहिल्या डाइव्हवर जास्त विश्वास ठेवतो. जो पाच मीटरवर बडीकडे वळून बघत नाही, तो तीस मीटरवर बघणार नाही.

आणि असा माणूस ओळखल्यावर "तुम्हाला आज तिथे नेता येणार नाही" हे बोलणं हीच खरी कठीण जागा. गाइडला बऱ्याच ठिकाणी डाइव्हमागे पैसे मिळतात, हंगाम थोडा, वर ग्राहकानं वाईट रेटिंग दिलं तर बोलणी त्यालाच बसतात. डिक्सन्सच्या त्या दिवशी कॅमेरावाले दुकानात तक्रार घेऊन गेले, आणि मालकानं मला त्यांची माफी मागायला लावली. मी मागितली. पुढच्या हंगामात मी दुसरीकडे काम धरलं, जिथे बोटीवर गाइडचा शब्द शेवटचा होता. गाइडला नकार देता येतो की नाही, हे मालक त्याच्या मागे उभा राहतो का यावर ठरतं.

मालवणला काम निराळं आहे, पण हीच गोष्ट आणखी उघडी दिसते. इथे येणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा रेग्युलेटर तोंडात धरलेला असतो. त्यांच्याकडून कसलीच अपेक्षा करता येत नाही, सगळी जबाबदारी आमची. सात-आठ मीटर खोलीवर आम्ही एकेकाचं सिलिंडर हातात धरून फिरवतो. तरी रात्रीची दारू न उतरलेला माणूस येतो, दमा लपवून फॉर्मवर सही करणारा येतो. "अहो, कोल्हापूरहून एवढ्यासाठी आलोय" म्हणून घरचे सगळे गळ घालतात. पण १० मीटरवरून श्वास रोखून कोणी घाबरून वर धावला, तर छातीतली हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. त्या सहीचा तेव्हा कोणालाच उपयोग नसतो. आमचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, अशांना बोटीतच बसवून ठेवतो, नारळपाणी देतो. ते रागावतात. रागावू देत.

पुन्हा डायव्हिंगला गेलात आणि गटात असा कोणी दिसला, तर बोट निघण्यापूर्वी गाइडला बाजूला घेऊन सांगा. आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट फार मदत होते. आणि १०० बार झाले की गाइड कोणाच्या मागे असो, त्याच्यासमोर जाऊन गेज धरा.

पैशांचं म्हणाल तर दुकानाला जरूर लिहा. तो गृहस्थ तुमच्या गटात कसा आला, त्याचा आधी उथळ डाइव्ह घेतला होता का, पाच जणांना एकच गाइड का होता, हे विचारा. फक्त त्या पत्रात गाइडची तक्रार करू नका. त्यानं तुम्हाला बाविसाव्या मिनिटाला वर आणलं हे चांगलं केलं, असं एक वाक्य त्यात घाला. त्याला मालकासमोर त्याची गरज पडली असेल.