दोहाचे साडेपाच तास

अरे,

तुझा मेसेज वाचला, "मॅडम, जर्मनीला जाताना कतारच्या दोहाला अकरा तास थांबायचंय, काय काय बघता येईल, लिस्ट पाठवा ना". लिस्ट नाही पाठवत, कारण अशीच एक लिस्ट घेऊन मी २००३ साली सिंगापूरला नऊ तास उतरले होते, ऑफिसच्या कामाने ऑस्ट्रेलियाला चालले होते, पहिलाच परदेश प्रवास, आणि कागदावर सात ठिकाणं लिहिलेली. त्यातलं एकही धड बघितलं नाही, सगळ्यात जास्त काय बघितलं तर टॅक्सीचं मीटर, आणि जेवायची वेळ झाली तेव्हा घाबरून लिटल इंडियात शिरले आणि मसाला डोसा खाल्ला. नाशिकहून निघून सिंगापूरला जाऊन डोसा! वर आणखी गंमत म्हणजे हातातलं घड्याळ भारताच्या वेळेवरच राहिलं होतं. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. मी आरामात विंडो शॉपिंग करतेय, "अजून भरपूर वेळ आहे" म्हणत, आणि मग एका दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. त्या दिवशी एअरपोर्टवर जशी पळाले तशी शाळेच्या स्पोर्ट्सलाही कधी पळाले नव्हते.

तर पहिलं काम, विमान थांबलं की घड्याळ लाव. दोहा आपल्या अडीच तास मागे आहे. फोन आपोआप बदलतो हे मला माहितीये, पण बदललाय का ते बघ.

दुसरं, अकरा तास हे अकरा तास नसतात, हे डोक्यात फिट्ट बसव. सकाळी सहाला उतरणार, संध्याकाळी पाचचं विमान. उतरून, इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत दीड तास धर. परतताना तीन तास आधी एअरपोर्टवर, म्हणजे दोनला. जाण्यायेण्याचा मिळून एक तास. उरले साडेपाच. हा हिशोब नेहमी शेवटाकडून मागे करायचा, विमानाच्या वेळेपासून उलटा, म्हणजे चुकत नाही. तुझे अकरा होते म्हणून बाहेर जा म्हणतेय, सहा-सात असते तर आतच बस म्हटलं असतं, तिथे तो पिवळा भलामोठा टेडी बेअर आहे ऊर्स फिशर या शिल्पकाराचा, डोक्यात दिवा घुसलेला, त्याच्याकडे बघत कॉफी पी आणि गप्प झोप काढ.

व्हिसाचं आत्ताच बघ, आज. भारतीय पासपोर्टवर तिथे उतरल्यावर व्हिसा मिळायची सोय आहे पण तिला अटी आहेत, हॉटेल बुकिंग, पुढचं कन्फर्म तिकीट, पासपोर्टची सहा महिने मुदत असं काय काय, आणि या अटी मधूनमधून बदलतात, त्यामुळे कुणाच्या मामाने गेल्या वर्षी काय केलं ते ऐकू नकोस, सरकारी साइटवर वाच आणि निघायच्या आठवड्यात परत एकदा वाच. चेक-इनला विचारून घे की मोठ्या बॅगा थेट जर्मनीपर्यंत टॅग केल्यात ना. आणि हातातली सॅक हलकी ठेव, लॅपटॉप आणि तीन पुस्तकं पाठीवर घेऊन सप्टेंबरच्या दोह्यात फिरलास तर दहा मिनिटांत घरची आठवण येईल. तिथे तेव्हाही पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि समुद्राची दमट हवा वेगळीच, मुंबईचा मे आठव.

बाहेर कसं पडायचं, तर मेट्रो. एअरपोर्टवरूनच रेड लाइन निघते, मशेरिबला उतरून गोल्ड लाइन धरायची, पुढचंच स्टेशन सूक वाकिफ, सूक म्हणजे बाजार. साधं तिकीट २ रियाल, दिवसभराचा पास ६ रियाल, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास. फक्त शुक्रवार असेल तर सावध, त्या दिवशी मेट्रो उशिरा सुरू होते आणि पुढे सांगतेय ते म्युझियमही दुपारनंतर उघडतं. तुझी तारीख कुठल्या वारी येते ते मला कळव, शुक्रवार असेल तर सगळंच वेगळं बसवावं लागेल.

सूकमध्ये सकाळी गर्दी नसते, निम्मी दुकानं बंद असतात, खरी मजा तिथे संध्याकाळी. पण तुला खरेदी थोडीच करायचीये. बाजार २००३ च्या आगीनंतर जुन्या धर्तीवर नव्याने बांधलाय, त्यामुळे "हजार वर्षं जुनं" वगैरे समजून फोटो टाकू नकोस. पण गल्ल्या छान आहेत, ससाण्यांचा वेगळा बाजार आहे, तिथे डोळ्यांवर टोप्या घातलेले ससाणे ओळीत बसलेले दिसले तर बघ. मग एखाद्या साध्या टपरीवजा कॅफेटेरियात जा आणि "कडक" माग. हो, कडकच, तिथे दुधाच्या उकळलेल्या चहाला करक चाय म्हणतात आणि तो शब्द आपल्याकडूनच गेलाय. सोबत चपाती मिळते, चीज वगैरे लावून गुंडाळलेली, बऱ्यापैकी लागते. हिंदी बिनधास्त बोल. चहा देणारा केरळचा असेल किंवा नेपाळचा, "कब से हो इधर" एवढं विचारलंस तरी त्या शहराबद्दल जे ऐकायला मिळेल ते कुठल्याच टूर बसमध्ये मिळत नाही. त्याला घाई नाही ना तेवढं बघ, कामाच्या वेळी माणसाला अडकवू नये.

आणि मग फक्त एकच ठिकाण. म्युझियम ऑफ इस्लामिक आर्ट. सूकपासून समुद्राच्या कडेने पायी वीसेक मिनिटं, ऊन चढलं असेल तर टॅक्सी कर, उगाच हिंमत दाखवू नकोस. तू आर्किटेक्चरवाला, म्हणून हेच सांगतेय. ही आय. एम. पेईची इमारत, २००८ ला उघडली तेव्हा पेई ९१ वर्षांचे होते. लूव्रचा काचेचा पिरॅमिड केलेला माणूस, रिटायर झालेला, त्याला हे काम करायला बोलावलं तर तो आधी अर्धं जग हिंडला, इस्लामी वास्तुकलेचा गाभा नेमका कशात आहे ते शोधत, आणि शेवटी मन बसलं ते कैरोच्या इब्न तुलून मशिदीच्या अंगणातल्या वजू करायच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायच्या, छोट्या घुमटीवर. चौकोन, त्यावर अष्टकोन, त्यावर घुमट, आणि बाकी सगळं काम उन्हाने पडणाऱ्या सावल्यांचं. शहरातली जागा देऊ केली ती त्यांनी नाकारली, म्हणाले उद्या शेजारी टॉवर उठतील, मला समुद्रात वेगळं बेट करून द्या. दिलं! असा क्लायंट तुला मिळो.

आत गेलास की लगेच वस्तू बघायला धावू नकोस. मधल्या हॉलमध्ये ती उंच काचेची खिडकी आहे, पलीकडे पाणी आणि त्यापलीकडे वेस्ट बेचे टॉवर, तिथे अर्धा तास नुसता बस. वही काढ, स्केच कर. फोटो नंतर. माझा अनुभव असा की ज्या जागेचं वाकडंतिकडं का होईना चित्र काढलं ती वीस वर्षांनीही आठवते, आणि फोटो काढलेल्या जागा ड्राइव्हवर कुठेतरी पडून असतात.

वस्तूंमधली एकच शोध. पांढऱ्या जेड दगडाचा शहाजहानचा ताईत आहे त्यांच्या संग्रहात, त्याला हौलदिली म्हणतात, छातीतली धडधड शांत करणारा. त्यावर १०४१ हिजरी साल कोरलंय, म्हणजे १६३१-३२. मुमताज गेली ती १६३१ मध्ये, बुऱ्हाणपूरला, आपल्या भुसावळच्या पुढे खंडव्याच्या वाटेवर, म्हणून लोक हा ताईत त्या दुःखाशी जोडतात. मांडणी बदलत असते, सापडला नाही तर काउंटरवर विचार. तळहातात मावेल एवढी गोष्ट आहे पण मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते.

बाहेर आलास आणि वेळ उरला तर किनाऱ्यावर धाऊ म्हणतात त्या लाकडी बोटी नांगरलेल्या दिसतील, आता टुरिस्टांना फिरवतात. तेल सापडायच्या आधी या गावाचं पोट मोत्यांवर होतं. आजीच्या तोंडी "बसरा मोती" ऐकलं असशील ना, ते या आखातातलेच, बुड्या मारून काढायचे आणि मुंबईच्या बाजारात यायचे. १९३० च्या दशकात जपानी कल्चर्ड मोत्यांनी तो धंदा बुडवला. आणि तिथे आपला रुपया चालायचा बरं का, १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या, १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा ते सगळं संपलं. हे डोक्यात ठेवून त्या पाण्याकडे बघ, मग ते नुसतं श्रीमंत लोकांचं चकचकीत गाव वाटत नाही.

एक वाजला की निघायचं. काहीही अर्धवट राहिलेलं असो. "अजून दहा मिनिटं" हे वाक्य मनात आलं की समज उशीर झालाय. जाताना गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाल, अनोळखी बायकांचे फोटो काढू नकोस, व्हेप वगैरे खिशात असेल (मी विचारत नाहीये) तर घरीच ठेव, आणि औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर असू दे, तिथे काही साध्या वाटणाऱ्या गोळ्यांनाही बंदी आहे.

आणि हो, सगळ्यात महत्त्वाचं विसरतच होते. आखातात बऱ्याच ठिकाणी खसखस ड्रग्जमध्ये धरतात. तुझी आई अनारसे करून देणार, ते मला माहितीये, हँडबॅगेतच देणार तेही माहितीये. तू काही बोलू नकोस तिला, वाईट वाटेल, मी फोन करते आणि सांगते की या वेळी चिवडा द्या, अनारसे माझ्याकडे पाठवा.

मॅडम