माणसं नकोशी झालीत की काम अडतंय?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझी भाची तुझ्याच वयाची आहे. मला समजलं ते असं: लग्न होऊन पुण्याहून बडोद्याला आलीस, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला लागून चार वर्षं दोन महिने झाले. विभागात दोन सीनियर बायका आहेत. तू आलीस की त्या गप्प होतात, नाहीतर गुजरातीत सुरू होतात आणि हशा पिकतो. चहाला हाक मारत नाहीत. मध्येच एका ओळीत लिहिलंस की सप्लायरच्या दोन मेलमधून तुझं नाव गाळलं आणि पेमेंट उशिरा गेल्याचं खापर तुझ्यावर फुटलं. साहेब बरे आहेत. नवरा म्हणतो सोड, सासूबाई म्हणतात पळसाला पानं तीनच. मांजलपूरच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. आणि तू विचारतेस, नोकरी सोडू की टिकून राहू?

मी इथल्याच, बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढले, अकाउंट्समध्ये ३१ वर्षं काढली. सहकाऱ्यांपायी नोकरी सोडायचा निर्णय दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा चुकले. एकदा घाई झाली, एकदा उशीर.

पहिली नोकरी १९९२च्या जूनमधली. तिथेही दोघी होत्या. रेकॉर्ड रूममध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जेवायच्या. मी डबा घेऊन गेले की एकजण पेपराची कडा हळूच आत दुमडायची, म्हणजे माझ्या डब्यापुरती जागा नाहीशी. तोंडाने एक शब्द नाही. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा स्कूटीवरून घरी येताना रोज डोळे भरून यायचे. दिवाळीचा बोनस घेतला, दिवाळीनंतर लाभपाचमीला कंपनी उघडली आणि त्याच दिवशी राजीनामा टेबलावर ठेवला. (आपल्याकडे पुष्कळ राजीनामे त्या आठवड्यातच पडतात, हे मला नंतर कळलं.) १९९६चा नोव्हेंबर, म्हणजे नोकरी चार वर्षं पाच महिन्यांची.

ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेला, पाच वर्षं लागतात हे माहीत होतं, पण रागात कोण मोजतं? बेसिक होतं २,२००. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस २६ धरून. पाच वर्षांचे ६,३४६ रुपये झाले असते. त्या काळात ती रक्कम माझ्या जवळजवळ तीन महिन्यांच्या बेसिकइतकी होती. आणि गंमत बघ, मी सोडल्यावर दोनच महिन्यांत पेपर दुमडणारीच्या नवऱ्याची अंकलेश्वरला बदली झाली, ती गेलीसुद्धा.

त्या दोघींनी माझा जेवणाचा अर्धा तास नासवला, पण कामात कधीच आडव्या आल्या नव्हत्या. बिलं वेळेवर यायची, माझं काम साहेबांना दिसायचं, पगारवाढ मिळायची. हे मला तेव्हा वेगळं काढता आलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी मात्र सगळे गोड होते. माझ्या वाढदिवसाला दुलीरामचे पेढे आले. तिथला एक जुना सहकारी सप्लायरची बिलं त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि महिनाअखेरीला संध्याकाळी साडेपाचला गठ्ठा माझ्या टेबलावर. पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि जीआरएन (माल आल्याची पावती) बिलाशी जुळवायला वेळच नाही, मग चुका. चुका माझ्या सहीखाली. मी स्टेशनरीच्या कपाटातून तारखेचा रबरी शिक्का मागून घेतला आणि हातात आलेल्या प्रत्येक बिलावर त्या दिवसाची तारीख मारायला लागले. महिनाभरात चित्र स्पष्ट झालं: बिल गेटवर ७ तारखेला, माझ्याकडे २९ला. तो गठ्ठा घेऊन मॅनेजरकडे गेले. त्यांनी वरची दोन बिलं पाहिली, हसले आणि म्हणाले, "जवा दो ने बेन." म्हणजे, जाऊ द्या ना बाई.

त्याच दिवशी मी दुसरी नोकरी शोधायला लागायला हवं होतं. पेढे आठवून आणखी दोन वर्षं थांबले. ऑडिटमध्ये सगळे प्रश्न माझ्या नावावर निघाले आणि बीपीची गोळी सुरू झाली, ती अजून चालू आहे.

म्हणून तुझ्या पत्रात मला चहा आणि हशा फारसा महत्त्वाचा वाटला नाही. दुखतं, मान्य. पण त्या गुजरातीतल्या बोलण्यातला निम्मा भाग उंधियू आणि मुलांच्या ट्यूशनचाच असणार, हे माझ्याकडून लिहून घे. चार वर्षं बडोद्यात काढून तुला गुजराती समजत नसेल तर आधी तेवढं शिक. कानाला सराव झाला की कळेल, तुझ्याबद्दल खरंच किती बोललं जातं. खरंच बोलत असतील तर एकदा गुजरातीतच उत्तर दे, मजा येईल.

तुझं खरं दुखणं ते दोन मेल. आणि ते तू एका ओळीत उरकलंस!

साहेबांकडे जा, पण 'त्या माझ्याशी नीट वागत नाहीत' हे घेऊन जाऊ नकोस. बायकांची भांडणं म्हणून फाइल बंद होईल, मी पाहिलंय. नेमकी मागणी ने: सप्लायरचे मेल विभागाच्या कॉमन आयडीवर यावेत, आणि उशिरा गेलेल्या त्या पेमेंटचे मेल कोणाला कधी आले ते एकदा बघावं. तारखांसकट, एका कागदावर. बोलून झालं की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाक, 'आज बोलल्याप्रमाणे' म्हणून.

साहेबांनी ते केलं, तर पाच वर्षं पुरी व्हायला उरलेले दहा महिने तुला काढता येतील. त्या दोघी आहेत तशाच राहतील, चहा एकटीने प्यावा लागेल. बेसिक बावीस हजार धरलं तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी ६३,४६१ रुपये होते. तुझा खरा आकडा पगाराच्या स्लिपवरून काढ. हप्ता चालू असताना ही रक्कम सोडून देण्यासारखी नाही. साहेबही 'जवा दो ने' म्हणाले, तर मात्र ग्रॅच्युइटीकडे बघत बसू नकोस. खोट्या चुकांचा ठपका घेऊन दहा महिने काढलेस तर पुढच्या मुलाखतीत तोच ठपका आडवा येईल. बडोदं केवढंसं! मकरपुरा काय, वाघोडिया काय, प्रत्येक अकाउंट्समध्ये कोणाचा तरी मामेभाऊ असतोच.

नवऱ्याला सांग, सोडायचं असलं तरी हातात ऑफर लेटर आल्यावर. नोटीस पिरियड किती ते नेमणूकपत्रात बघ. राजीनाम्यात कोणाचं नाव नको, कारण नको, फक्त तारीख. पीएफ काढू नकोस, त्याच यूएएनवर (पीएफचा तुझा कायमचा नंबर) नव्या कंपनीत ट्रान्सफर कर. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलास तर कर लागू शकतो, आणि पेन्शनला दहा वर्षं मोजली जातात.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण विचारून ठेवते. कोणा पुरुषाचं बोलणं किंवा वागणं अश्लील वळणाचं आहे का? तसं असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेव. २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असावी लागते, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

अप्रेझल मार्चमध्ये आहे म्हणालीस. म्हणजे साहेबांशी बोलणं त्याआधी व्हायला हवं, नाहीतर ते उशिरा गेलेलं पेमेंट तुझ्या फॉर्मवर चढेल. त्या दोन मेलच्या तारखा शोधून ठेव, आणि साहेब काय म्हणाले ते मला जसंच्या तसं कळव, त्यांच्याच शब्दांत.