बंद कारखान्यातले फोटो आणि खिशातला बिल्ला

प्रश्न: मी मुलुंडला राहतो. माझे वडील भांडुपच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात टर्नर होते. कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली असून तो लिक्विडेशनमध्ये (म्हणजे कंपनी गुंडाळून, मालमत्ता विकून देणी फेडण्याच्या प्रक्रियेत) आहे, असे ऐकतो. एका रविवारी सकाळी आम्ही दोघे मित्र मागच्या पडक्या भिंतीतून आत गेलो आणि लेथ, ओव्हरहेड क्रेन, फाउंड्री यांचे फोटो काढले. टाइम ऑफिसच्या फळीवर वडिलांच्या क्रमांकाचा पितळी बिल्ला दिसला, तो मी घेऊन आलो. बाहेर पडताना सुरक्षारक्षकाने अडवून नाव-पत्ता लिहून घेतला. आता पोलीस ठाण्यातून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 (3) ची, हजर राहण्याची नोटीस आली आहे. रक्षक म्हणतो, वीस हजार द्या, फोटो पुसून टाका, मी मिटवतो. काय करावे?

उत्तर: सर्वप्रथम, पैसे देऊ नका आणि एकही फोटो पुसू नका. पैसे देऊन प्रकरण मिटणार नाही, आणि फोटो पुसले तर आपल्या बचावाचा सर्वात उपयोगी पुरावा आपणच नष्ट केला असे होईल. त्याचे कारण कायद्याच्या शब्दांत आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत नुसते शिरणे हे फौजदारीपात्र अतिक्रमण ठरत नाही. एखादा गुन्हा करण्याचा, अथवा ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याला धाक दाखवण्याचा, त्याचा अपमान करण्याचा किंवा त्याला त्रास देण्याचा उद्देश असावा लागतो. मालकाला हे आवडणार नाही एवढे माहीत असणे निराळे आणि त्याला त्रास देण्यासाठीच आत जाणे निराळे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने मथरी विरुद्ध पंजाब राज्य या निवाड्यात स्पष्ट केला आहे. तो निवाडा जुन्या दंड संहितेच्या कलम 441 वरचा असला, तरी नव्या संहितेत उद्देशाची अट तशीच ठेवलेली असल्यामुळे आजही उपयोगी पडतो. आपण दिवसाढवळ्या गेलात आणि यंत्रांचे फोटो काढलेत, हे त्या फोटोंवरच्या तारीख-वेळेसह दिसते. (हेच रात्री केले असते, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 122 पुढे आले असते आणि तिथे असण्याचे समाधानकारक कारण देण्याची वेळ आपल्यावर आली असती.) कलम 329 खाली साध्या फौजदारीपात्र अतिक्रमणाला जास्तीत जास्त शिक्षा तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी असून गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र आहे.

मला खरी काळजी बिल्ल्याची वाटते. आपण पत्रात त्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे, पण सगळे प्रकरण त्याच्याभोवती फिरू शकते. कारखाना ओसाड आहे म्हणून त्यातील वस्तू बेवारस होत नाहीत. फाटकाला कुलूप आणि दाराशी रक्षक असेल तर ताबा कायम आहे, आणि कंपनी खरोखरच लिक्विडेशनमध्ये असेल तर तिची मालमत्ता कायद्याने न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या ताब्यात समजली जाते. वडिलांचा क्रमांक त्यावर असला, तरी बिल्ला कारखान्याचाच होता. पाळी सुटल्यावर तो फळीवर परत लावावा लागे, हे वडीलच आपल्याला सांगतील. तेव्हा चोरीचे कलम 303 लागू शकते. पाच हजारांहून कमी किमतीच्या वस्तूची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली असेल, तर त्या कलमात सामुदायिक सेवेची तरतूद आहे, ही जमेची बाजू. परंतु मालमत्ता जपून ठेवण्याच्या इमारतीतून चोरी झाली असे म्हटले गेले, तर कलम 305 येते; तो गुन्हा अजामीनपात्र असून शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. शिवाय चोरीचा उद्देश होता असे ठरले, तर अतिक्रमणातील ‘उद्देश नव्हता’ हा आपला मुद्दाही ढासळतो.

म्हणून बिल्ला फेकून देऊ नका, आणि गुपचूप परत ठेवण्यासाठी पुन्हा आत तर मुळीच जाऊ नका. फौजदारी काम करणाऱ्या वकिलांना गाठा आणि त्यांच्यामार्फत तो लिक्विडेटरकडे (कंपनी गुंडाळण्याचे काम सोपवलेल्या व्यक्तीकडे) लेखी पोच घेऊन जमा करा. सोबतच्या पत्रात काय लिहायचे हे वकिलांनाच ठरवू द्या, कारण तो मजकूर उद्या आपल्याविरुद्ध वाचला जाऊ शकतो. तरीही आपण होऊन केलेली परतफेड ही माझ्या मते गप्प बसण्यापेक्षा पुष्कळ चांगली.

लिक्विडेटर कोण, हे कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून तपासायला सुरुवात करा. जुनी प्रकरणे बहुधा मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑफिशियल लिक्विडेटरकडे असतात. 2016 च्या दिवाळखोरी संहितेखालील असतील तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यक्तीकडे. अतिक्रमणाचा गुन्हा तडजोडयोग्य आहे, पण तडजोड करण्याचा अधिकार जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला आहे, पगारी रक्षकाला नाही. त्याचे फोन आणि मेसेज जपून ठेवा. हा खंडणीचा प्रकार आहे की नाही ते वकील पाहतील.

नोटिशीप्रमाणे ठरल्या दिवशी हजर राहा. नोटीस पाळणाऱ्याला, पोलिसांनी अटकेची कारणे लेखी नोंदवल्याखेरीज, त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. आपल्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि तपासातील जबाबावर सही करण्याची कायद्यात तरतूदच नाही, तेव्हा कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. फोन जप्त झाला तर पंचनामा झाल्याची खात्री करून घ्या. पुढे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तो सुपूर्दनाम्यावर (मागितल्यास पुन्हा हजर करण्याची लेखी हमी देऊन) परत मागता येतो.

हे सारे मिटल्यावर फोटो काढायचेच असतील, तर लिक्विडेटरकडे लेखी परवानगी मागा. नकार आला तर तेवढ्यावर थांबा. आणि एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. वडिलांची ग्रॅच्युइटी किंवा थकलेला पगार बाकी असेल, तर तो दावाही त्याच लिक्विडेटरपुढे मांडायचा असतो. कंपनी गुंडाळताना कामगारांच्या देण्यांना कायद्याने तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. दावा दाखल करण्याची मुदत उलटली आहे का, ते आधी विचारून घ्या, आणि अर्जात वडिलांच्या नावापुढे बिल्ला क्रमांक लिहायला विसरू नका. हजेरीपटात ते बहुधा त्याच क्रमांकाने सापडतील.